एकोणीस किलोंचा शिवांश

आमच्या घरात माणसाची किंमत वजनावर ठरते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, धंदाच तसा. वडील चनबसाप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, चाळीस वर्षं कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे अडते होते. गूळ उतरवून घ्यायचा, त्याचा सौदा लावायचा आणि बोली चढली की मिशीतल्या मिशीत हसायचं, हा त्यांचा दिनक्रम. मी गूळ सोडून लोखंडात शिरलो. शिरोली एमआयडीसीत भागीदारीत माझी फाउंड्री आहे. तिथं एखाद्या कास्टिंगमध्ये पन्नास ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर मी सगळी लॉट परत वितळवायला लावतो आणि वर कामगारांना दोन शिव्या घालतो. इतका मी काटेकोर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझं जे कौतुक होणार आहे ते नीट होईल.

गोष्ट सुरू होते दोन हजार चार साली. आमचा माल जर्मनीला जायचा आणि तो तपासायला त्यांचा क्लाउस नावाचा साहेब यायचा. एका रविवारी मी त्याला रंकाळा दाखवायला न्यायचं ठरवलं. गाडीत पुढं माझी बायको सौंदर्या आणि तिच्या मांडीवर आमचा शिवांश, वय वर्षं दीड. मांडीवर म्हणजे काय, उभाच. दोन्ही हात डॅशबोर्डवर, नाक काचेला. कोल्हापुरात पोरं अशीच फिरतात. क्लाउसनं एक पाय गाडीत घातला, शिवांशला बघितलं आणि पाय परत बाहेर काढला. पोराला मागं, खुर्चीत बांधल्याशिवाय मी या गाडीत बसणार नाही, म्हणाला. आमच्याकडं घोडा बांधायची सोय होती, पोर बांधायची नव्हती. शेवटी साहेब रिक्षानं रंकाळ्यावर आले. रिक्षाला दार नाही, पट्टा नाही, ब्रेक असलाच तर नशीब. पण त्यांना काळजी पोराच्या जिवाची होती, स्वतःच्या नव्हती.

दोन महिन्यांनी जर्मनीहून एक भलंमोठं खोकं आलं. आत गाडीत बसवायची लहान मुलाची खुर्ची. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक मांड्यांमधून, आणि पाचही पट्टे पोटाशी एका बकलात. अप्पांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली.

"वासराला दावं असतंय, त्ये बी एकच," ते म्हणाले. "ह्येला पाच? पोरगं काय दरोडा घालून आलंय?"

माझी आई शांतादेवी, तिला आम्ही अव्वा म्हणतो, तिला वेगळीच चिंता. "बघणाऱ्याला वाटंल, पोरगं खुळं हाय म्हणून बांधलंय."

अव्वाचं खोटं नव्हतं. कबनूरला एका लग्नाला गेलो, तर पंगत सोडून माणसं गाडीजवळ आली. एकानं काचेतून आत वाकून बघितलं आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "पावणं, ह्ये दुखणं कवापासनं हाय?" मी हसण्यावारी नेलं. शिवांशला मात्र त्या खुर्चीचं काही वाटत नव्हतं. बकल 'टक्' करून लागलं की तो स्वतःच "चला" म्हणायचा आणि पाच मिनिटांत मान मागं टाकून झोपायचा.

सौंदर्याही सुरुवातीला हसली होती. ती ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. खुर्चीबरोबर एक पुस्तिका आली होती, ती तिनं सहज चाळायला घेतली आणि इथंच आमचं वाटोळं झालं. दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद चिकटला, वर्गातल्या फळ्यावर लिहितात तशा अक्षरात. पुढच्या वर्षी क्लाउसनं बूस्टर पाठवलं, तेव्हा त्या कागदात आणखी भर पडली. बूस्टर म्हणजे नुसती उंच बैठक. पोरगं त्यावर बसवायचं आणि गाडीचा मोठ्या माणसांचा पट्टाच त्याला लावायचा. अप्पांनी बघितल्या बघितल्या त्याचं नाव ठेवलं पाट. जेवायला बसायचा असतो तसा.

कागदावर लिहिलं होतं की अठरा किलो भरल्याशिवाय शिवांशचे पाच पट्टे सुटणार नाहीत. अठरा भरले म्हणूनही लगेच नाही. पाटावर बसवल्यावर गाडीचा पट्टा खांद्यावरून गेला पाहिजे, गळ्यावरून नाही. खालचा मांड्यांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. आणि प्रवासभर, झोप लागली तरी, पोरगं पाठ टेकून सरळ बसलं पाहिजे. घसरलं की पट्टा पोटात जातो.

मी तिला म्हटलं, "पुस्तकात पंधरा किलोपासनं चालतंय म्हणून लिहिलंय की."

"चालतंय म्हणजे लगेच चालवायचं असं न्हाय," ती म्हणाली. "पस्तीस मार्काला पास करतात म्हणून पोरांनी पस्तीसच पाडायचे काय? आणि आपला अजून पंधराचाबी न्हाय."

फिजिक्सला मला स्वतःला सदतीस होते. मी विषय वाढवला नाही.

आता एवढ्यावर सगळं सुखानं चाललं असतं. पण अप्पांचे चुलतभाऊ मल्लाप्पाकाका कबनूरला राहतात. त्यांचे यंत्रमाग आहेत आणि त्यांना एक नातू आहे, विरेश. आमच्या शिवांशपेक्षा पंधरा दिवसांनी लहान आणि अंगानं थोराड. दर कार्याला काकांची गाडी यायची आणि विरेश पुढच्या सीटवर, मांडी घालून, सरपंचासारखा बसलेला असायचा. त्याला पट्टा-बिट्टा काही नाही. मग काका आमच्या गाडीत मागं डोकावायचे आणि चारचौघांत विचारायचे, "काय चनबसू, नातू अजून पाळण्यातच हाय व्हय?"

अप्पा त्या दिवशी जेवायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीनं पट्ट्यांची खुर्ची म्हणजे बालवाडी आणि पाट म्हणजे पहिली, आणि त्यांचा नातू नापास होऊन मागं राहिला होता. सौंदर्याला किती वेळा सांगून झालं की ही बढती नव्हे, पाच पट्ट्यांतून एका पट्ट्यावर येणं म्हणजे आधार कमीच होणं, जितकं उशिरा होईल तितकं बरं. हे वाक्य अप्पांच्या एका कानात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं. माझ्याही. पण मी मान डोलवायचो, एवढाच फरक.

मग अठरा किलोंची मोहीम सुरू झाली. सकाळी तूप-गूळ, दुपारी खिरीत लोणी, संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध. तालमीतल्या पैलवानाचा खुराक तीन वर्षांच्या पोराला. शिवांश निम्मं प्यायचा आणि निम्मं अप्पांच्या धोतरावर काढायचा. दर महिन्याला सौंदर्या त्याला डॉक्टरांकडं न्यायची आणि चिठ्ठी आणायची. तेरा किलो. तेरा किलो दोनशे. तेरा किलो दोनशे. डॉक्टर म्हणायचे वाढ उत्तम आहे, हाड बारीक आहे एवढंच.

अप्पा चिठ्ठी लांब धरून वाचायचे. "ह्यो स्प्रिंगचा काटा," ते म्हणायचे. "त्येच्यावर कुणाचा इश्वास बसायचा? वजन करावं तर तराजूत."

तराजूची वेळ आली मार्च दोन हजार सहामध्ये. शिवांश जन्मला तेव्हा अप्पांनी शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या वीरभद्राला नवस बोलला होता, की पोरगं तीन वर्षांचं झालं की त्याची गुळाची तुळा करीन. यात्रेचा दिवस धरला. सौंदर्याला येता आलं नाही, बारावीच्या परीक्षेवर तिची नेमणूक होती. निघताना तिनं स्वतः शिवांशला पाच पट्ट्यांत बसवलं, बकल ओढून बघितलं आणि मला म्हणाली, "येतानाबी असाच आणा." अव्वा आधीच गावी गेली होती आणि यात्रेनंतर दोन दिवस तिथंच राहणार होती. म्हणजे गाडीत मी, अप्पा आणि शिवांश. डिकीत अप्पांनी धोतरात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे मला कळलं होतं.

तुळा ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळापुढं मोठा तराजू टांगतात. एका पारड्यात पोरगं, दुसऱ्यात गूळ. आता बाजारात काटा समान आला की वजन झालं. पण हा देवाचा काटा. तिथं समान तोलणारा माणूस चिक्कू. देवाचं पारडं खाली गेलं पाहिजे, भुईला टेकलं पाहिजे आणि टेकलेलं राहिलं पाहिजे. त्याशिवाय नवस फिटला असं आमच्याकडं कुणी मानत नाही. आणि इथं घालणारा साधासुधा माणूस नव्हता, शाहूपुरीचा गुळाचा अडत्या होता.

पाच किलोचे दोन रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, पडले. मग एकेका किलोच्या ढेपा. चौदाव्या किलोला गुळाचं पारडं अलगद खाली आलं आणि भुईला टेकलं. गुरवानं हात जोडले. झालं होतं. त्या क्षणी थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगायला लागली नसती.

पण मल्लाप्पाकाका पुढंच उभे होते. "आमच्या विरेशला सोळा लागला हुता," ते सहज म्हणाले.

अप्पांनी पंधरावी ढेप उचलली. "ही आमच्या वडलांच्या नावानं." मग सोळावी, आईच्या नावानं. सतरावी गावच्या नावानं. अठरावी घालताना त्यांनी नाव घेतलं नाही, नुसतं काकांकडं बघितलं. एकोणिसावी घातली तेव्हा लोक टाळ्या वाजवायला लागले, सौद्यात बोली चढते तसा रंग भरला. शिवांश तिकडं पारड्यात वर लटकून खदाखदा हसत होता. गूळ वाढत होता, पोरगं होतं तिथंच अधांतरी होतं आणि सगळ्या गावाच्या समक्ष त्याचं वजन किलोकिलोनं वाढत होतं. माझ्या बायकोनं तिथं उभं राहून हे बघितलं असतं तर तिनं नोकरीचा राजीनामा दिला असता.

"एकोणीस किलो!" गुरव ओरडला. देवस्थानच्या माणसानं पावती फाडली. चि. शिवांश सोमेश, गूळ तुळा, १९ किलो. खाली सही आणि जांभळा शिक्का.

अप्पांनी पावती माझ्यापुढं धरली. "वाच. शिक्क्यासकट. आता अठराच्या वर हाय का न्हाय?"

सव्वादोनला पेपर संपल्यावर मी सौंदर्याला फोन लावला आणि हसत हसत सांगितलं, एकोणीस भरला. तीसुद्धा हसली. "गूळ एकोणीस भरला," ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडं जाऊ. येताना त्याच्याच खुर्चीत आणा."

"व्हय की," मी म्हटलं. हे वाक्य मी अगदी स्पष्ट म्हटलं. दोनदा.

पाच वाजता निघालो. सगळं भावकीचं लेंढार गाडीपाशी सोडायला आलं. अप्पांनी डिकीतून धोतराचं गाठोडं काढलं, सोडलं आणि पाट मागच्या सीटवर मांडला. मग स्वतः शिवांशला उचलून त्यावर बसवलं. काका बघत होते, विरेश बघत होता, विरेशची आई बघत होती. मीही बघत होतो. पट्टा लावला तर तो शिवांशच्या गळ्याला घासून जात होता. त्यानं मान वाकडी केली. खालचा पट्टा पोटावर आला होता. फ्रिजवरचा कागद मला पाठ होता, रोज दूध काढताना दिसायचा.

"अप्पा, न्हाय बसत नीट," मी हळूच म्हटलं.

"बसतंय की. काखंतनं घाल जरा." अप्पांनी पट्टा शिवांशच्या काखेखालून घातला. "बघ. झालं. आता कसं मानसात आल्यागत दिसतंय."

आणि पट्ट्यांची खुर्ची? ती पलीकडं मोकळीच होती. तिच्यात अप्पांनी प्रसादाच्या गुळाची परात ठेवली, वर फडकं बांधलं आणि वाटेत सांडू नये म्हणून पाचही पट्टे लावले. बकल 'टक्' वाजलं. मी हे सगळं बघून गाडीत बसलो आणि गाडी सुरू केली. मला कुणी बंदूक लावली नव्हती. काका हात हलवत होते आणि मला, तुम्हाला सांगतो, बरं वाटत होतं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणी आमच्या गाडीत वाकून बघून हसलं नाही, या गोष्टीचं बरं वाटत होतं. स्वतःच्या पोराचा बाप म्हणून मला आज सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

दहा मिनिटांत शिवांशला झोप लागली. आरशात दिसत होतं. आधी हनुवटी छातीवर आली, मग तो दाराकडं कलला, मग पाटावरून थोडा थोडा पुढं घसरला. मी म्हटलं, गाडी थांबवून त्याला त्याच्या खुर्चीत घालतो.

"झोपलंय त्ये झोपू दे की," अप्पा म्हणाले. "आणि परात कुठं ठेवणार?"

परातीचा प्रश्न खरंच अवघड होता. मी थांबलो नाही.

गळिताचे दिवस. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, एकेकामागं दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला, मागं ना दिवा ना लाल कापड. जयसिंगपूरच्या अलीकडं एक ट्रॅक्टर पुढं चालला होता. त्याच्या ट्रॉलीतून मोळी खाली पडली आणि ती उचलायला तो जिथल्या तिथं थांबला. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीच्या मागच्या बाजूला धडकली. फार जोरात नाही. दिवा फुटला, बंपर आत गेला, दोन ऊस बॉनेटवर येऊन पडले. अप्पांचं कपाळ पुढं आपटलं.

मागं वळून बघितलं. शिवांश पाटावर नव्हता. तो पुढं घसरून पट्ट्याखाली अडकला होता, पट्टा पोटात रुतून छातीपर्यंत वर सरकलेला, उजवा खांदा वेडावाकडा. डोळे उघडे होते आणि आवाज नव्हता. ते तीन-चार सेकंद देवानं कुठल्याच बापाच्या वाट्याला देऊ नयेत, असं मी म्हणतो. मग तो किंचाळला आणि मला वाटलं, यापेक्षा गोड आवाज जगात नाही.

शेजारच्या खुर्चीत परात होती तशी होती. गुळाचा एक खडा सांडला नव्हता.

ट्रॅक्टरवाल्यानंच एक जीप थांबवली. मी शिवांशला दोन्ही हातांवर आडवा घेऊन बसलो, अप्पा शेजारी. जयसिंगपुरात जो पहिला दवाखाना दिसला तिथं शिरलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हलक्या हातानं सगळं चाचपलं. हासळीचं हाड मोडलंय, म्हणाले. पोटावर पट्ट्याचा जांभळा वळ होता, त्यावर त्यांनी बराच वेळ बोटं ठेवली. आत काही दुखावलंय का ते दोन दिवस बघावं लागेल, आधी दुखणं कमी करायला इंजेक्शन देऊ, मग फोटो काढू.

सिस्टर सुई भरायला निघाली. औषध वजनावर द्यायचं असतं. तिनं कागदावर पेन टेकवून मला विचारलं, "वजन किती हो बाळाचं?"

"एकोणीस," मी म्हणालो.

मला विचार करावा लागला नाही. दिवसभर तेच ऐकलं होतं, तेच फोनवर सांगितलं होतं, तेच खिशातल्या पावतीवर होतं. पन्नास ग्रॅमसाठी लॉट वितळवणाऱ्या माणसाच्या तोंडातून ते झटक्यात बाहेर आलं आणि सिस्टरनं लिहूनही घेतलं. १९.

"बाई, थांबा," अप्पा म्हणाले.

ते भिंतीला धरून उभे होते. कपाळावर टेंगूळ आलं होतं, त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. आयुष्यात मी त्यांचा आवाज एवढा बारीक ऐकला नाही.

"एकोणीस न्हाय. त्यातलं पाच माझं हाईत."

"काय म्हणता, आजोबा?"

"पाच किलो मी वरनं घातल्यात. भावकीनं बघावं म्हणून. पोरगं चौदाचंबी न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाळीस वर्सं गूळ उचललाय. आज त्येला उचलून पाटावर ठेवला, तवाच हाताला कळलं हुतं."

सिस्टरला त्यातलं निम्मंच कळलं असेल. पण ती शहाणी बाई होती. आमच्या दोघांच्याही बोलण्यावर न जाता तिनं शिवांशला तसाच उचलून काट्यावर निजवला, तोच तो स्प्रिंगचा. काटा थरथरला आणि थांबला. "तेरा किलो सातशे," ती म्हणाली, एकोणीस खोडलं आणि खाली नवा आकडा लिहिला.

इंजेक्शन बसल्यावर शिवांशचं रडणं मुसमुसण्यावर आलं. मी बाहेर येऊन सौंदर्याला फोन लावला. कसं सांगायचं याची मनात तयारी केली होती. ट्रॅक्टरला दिवा नव्हता, तिथून सुरुवात करायची. मग मोळी पडली. मग रस्ता अरुंद. मी तसंच सांगितलं. हासळीचं सांगितलं, पोटाचं सांगितलं, आता बराय म्हणून सांगितलं.

मग तिनं विचारलं, "कुठल्या खुर्चीत होता?"

मला तेव्हासुद्धा खोटं बोलता आलं असतं, हे मी मान्य करतो. क्षणभर तोंडाशी आलंही. दाराच्या फटीतून अप्पा दिसत होते, शिवांशच्या पायाशी उभे.

"पाटावर," मी म्हणालो.

ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असं वाटलं होतं. तिनं दवाखान्याचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. मी म्हटलं, "गाडी घेऊन कुणालातरी पाठवतो तुला आणायला."

"नको. मी एस.टी.नं येते," ती म्हणाली. "त्याच्या कानाला फोन लावा."

मी आत जाऊन फोन शिवांशच्या कानाला लावला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो दोनदा "व्हय" म्हणाला. मग म्हणाला, "आई, माझ्या खुर्चीत गूळ बसला हुता." अप्पा तोंड फिरवून खिडकीकडं गेले.

मी फोन परत घेतला तेव्हा ती लाइनवर होती.

"ऐका," ती म्हणाली. "मी येईपर्यंत तुम्ही दोघांनी मिळून आणखी काही ठरवू नका."

आम्ही ठरवलं नाही. अप्पा बाकाच्या एका टोकाला बसले, मी दुसऱ्या टोकाला. थोड्या वेळानं सिस्टर येऊन विचारून गेली, चहा सांगू का, तर आम्हाला तेही ठरवता येईना.